फ्रान्समधली गावाकडची गढी टिकते कशी? व्हिलांद्रीची गोष्ट आणि तिच्यामागचा कायदा

व्हिलांद्रीचा शातो (म्हणजे जुनी फ्रेंच सरदारी गढी) आणि त्याची बाग १९३४ साली फ्रान्स सरकारने ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित केली. तेव्हा त्या बागेला धड तीस वर्षंही झाली नव्हती. आज जगभरातून लोक तिकीट काढून जी सोळाव्या शतकातल्या धाटणीची बाग बघायला येतात, ती प्रत्यक्षात विसाव्या शतकात, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे आखली गेली. यात फसवणूक कसलीही नाही. खुद्द मालकांनीच हे कधी लपवलं नाही. पण ‘जुनं जपणं’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न इथून जितका नीट समजतो तितका क्वचितच दुसरीकडून समजेल. शिवाय फ्रान्सची आजची वारसा-व्यवस्था, विशेषतः खासगी मालकांच्या शातोंबाबतची, ज्या माणसांनी घडवली त्यातला एक मोठा माणूस याच गावात राहत होता.

शातो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नुसती इमारत येते. पण गावाकडचा शातो म्हणजे एक अख्खी इस्टेट. मधोमध राहतं घर, त्याला लागून घोड्यांचे तबेले, कबुतरखाना, धान्याची कोठारं, भाजीची बाग, फळबाग, भिंतीपलीकडे कुळांनी कसलेली शेतं आणि त्याच्याही पलीकडे लाकूडफाट्याचं आणि शिकारीचं जंगल. घराचं छप्पर शेताच्या उत्पन्नावर शाकारलं जायचं. हे गणित ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण गेल्या सव्वादोनशे वर्षांत शातोंवर आलेली बहुतेक संकटं हे गणित मोडल्यामुळेच आली.

व्हिलांद्री हे तूर शहराच्या पश्चिमेला, साधारण पंधरा किलोमीटरवर, शेर नदी ल्वारला मिळते त्या परिसरातलं छोटं गाव. मध्ययुगात त्याचं नाव कोलोंबिए होतं. तिथे एक किल्लेवजा गढी होती. ११८९ च्या जुलैत इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री इथे फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याच्यापुढे नमला, तह झाला आणि दोन दिवसांनी शिनोंच्या किल्ल्यात हेन्रीने प्राण सोडला. त्या गढीतला एक चौकोनी भक्कम मनोरा अजून उभा आहे. बाकी सगळं १५३२ नंतर जाँ ल ब्रेताँ या नव्या मालकाने पाडून टाकलं. हा माणूस राजा पहिला फ्रांस्वा याच्या दरबारातला वरिष्ठ आर्थिक अधिकारी. राजाच्या शाँबोर इथल्या अवाढव्य बांधकामावर देखरेख करण्याचा त्याला अनुभव होता, इटलीतल्या बागा त्याने पाहिल्या होत्या. १५३६ च्या सुमारास त्याने इथे तीन बाजूंनी बांधलेला, चौथी बाजू नदीच्या खोऱ्याकडे मोकळी ठेवलेला शातो उभा केला.

त्याच्या वंशजांकडे ही इस्टेट १७५४ पर्यंत राहिली. मग कास्तेलान नावाच्या सरदाराने ती विकत घेतली आणि आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे बदलली: नव्या धाटणीच्या खिडक्या, गॅलऱ्या, आवारात नवीन इमारती. क्रांतीनंतर नेपोलियनच्या घराण्यापर्यंत आणि तिथून धनाढ्य सावकारांपर्यंत मालकी फिरत गेली. एकोणिसाव्या शतकात जुन्या चौकोनी बागा मोडून त्यांच्या जागी इंग्लिश पद्धतीचं पार्क आलं, म्हणजे वळणदार वाटा, हिरवळ आणि आपोआप उगवल्यासारखी दिसणारी मोठाली झाडं.

व्हिलांद्री निदान उभं राहिलं. त्याच परगण्यात, आंब्वाजजवळ शाँतलूचा शातो होता. राजा पंधराव्या लुईचा मंत्री श्वाझल मर्जीतून उतरला तेव्हा तो इथे येऊन राहिला आणि पडत्या काळातही भेटायला येणाऱ्या मित्रांच्या नावाने त्याने बागेत चिनी धाटणीचा सात मजली पॅगोडा बांधला. पुढे क्रांती झाली. १७८९ च्या ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले, अनेक इस्टेटी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. शाँतलू अखेर शाप्ताल या रसायनशास्त्रज्ञाकडे आलं. त्याने तिथे बीट लावून साखरेचे प्रयोग केले, म्हणजे इस्टेट उत्पन्नावर चालवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. तरीही १८२३ मध्ये ती विकली गेली, ती पाडकाम करून माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांना. शातो दगड, शिसं, लाकूड असा किलोवर गेला. आज तिथे फक्त चव्वेचाळीस मीटर उंच पॅगोडा आणि त्याच्यासमोरचं तळं उरलं आहे. अशी जुन्या वास्तू घेऊन मोडून विकणारी मंडळी त्या काळात इतकी होती, की त्यांना ‘काळी टोळी’ असं नावच पडलं होतं.

या मोडतोडीतूनच फ्रान्समध्ये सरकारी संरक्षणाची कल्पना रुजली. १८३० मध्ये मंत्री गिझो यांनी ऐतिहासिक वास्तूंसाठी महानिरीक्षकाचं पद निर्माण केलं. चार वर्षांनी त्या पदावर प्रॉस्पेर मेरिमे आले आणि घोडागाडीतून देश पालथा घालत राहिले. १८४० च्या पहिल्या यादीत १,०३४ नोंदी होत्या. पण त्या यादीचा अर्थ ‘दुरुस्तीला पैसे हवेत अशा वास्तू’ इतकाच होता. मालकाला अडवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. पहिला कायदा १८८७ चा, त्यातही खासगी मालकाची संमती लागायची. खरा फरक पडला तो ३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्याने. इतिहास किंवा कलेच्या दृष्टीने वास्तू जपणं ‘सार्वजनिक हिताचं’ असेल, तर मालक नको म्हणाला तरी सरकार ती संरक्षित करू शकतं, हे या कायद्याने ठरवलं. आजच्या वारसा संहितेचा कणा तोच आहे.

आता त्या संरक्षणाचं स्वरूप बघू, कारण बाहेरून बघणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

संरक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत. वरची पायरी म्हणजे ‘वर्गीकृत’ वास्तू: हिच्यात परवानगीशिवाय काहीही करता येत नाही, कामासाठी वास्तुरचनाकारही त्या विषयातला पात्र असावा लागतो आणि सगळं काम सरकारी देखरेखीखाली चालतं. खालची पायरी म्हणजे ‘नोंदवलेली’ वास्तू: बंधनं थोडी सैल, सरकारी मदतही कमी, तिला कामाच्या खर्चाच्या चाळीस टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. दोन्ही मिळून देशात चव्वेचाळीस हजारांच्या आसपास वास्तू आहेत, त्यातल्या साधारण एक तृतीयांश वरच्या पायरीवर. आणि जवळपास निम्म्या खासगी मालकीच्या आहेत. केंद्र सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या फारच थोड्या. म्हणजे ‘फ्रान्स सरकार आपले शातो सांभाळतं’ हे वाक्य बहुतेक शातोंच्या बाबतीत चुकीचं आहे. छप्पर गळतं तेव्हा बादली मालकच लावतो.

दुसरी बारीक गोष्ट आदेशाच्या मजकुरात असते. संरक्षणाचा आदेश ‘अमुक शातो’ असं म्हणून थांबत नाही. ‘दर्शनी भिंती आणि छपरं’, ‘मुख्य जिना’, ‘पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यातली शेकोटी’, आणि पुढे जमिनीचे गट क्रमांक असं त्यात लिहिलेलं असतं. विसाव्या शतकातल्या कितीतरी आदेशांत फक्त दर्शनी भिंती आणि छपरंच आहेत. अशा ठिकाणी कबुतरखाना, कोठार, भाजीच्या बागेची जुनी भिंत हे सगळं कायद्याच्या नजरेत नसतंच. इस्टेटीचं मूळ गणित ज्या भागांवर चालायचं नेमके तेच भाग कागदावरून गळालेले असतात, आणि मला ही या व्यवस्थेतली सगळ्यात दुखरी जागा वाटते. जमीन तुकड्यांनी विकली जाते, फर्निचर वारसांत वाटलं जाऊन लिलावात जातं, मागे राहतं ते एक देखणं, पण पोकळ घर. २०१६ च्या कायद्याने यावर थोडा इलाज केला आहे: घरातल्या वस्तूंचा संच एकत्र संरक्षित करता येतो आणि मालक तयार असेल तर तो संच त्या घरातून हलवायचाच नाही, असं बंधन घालून घेता येतं. ते घर विकलं गेलं तरी बंधन राहतं. पण मालकाची तयारी लागते, हे विसरून चालणार नाही.

भिंतीबाहेरची दृष्टीही कायद्याने सांभाळली आहे. फेब्रुवारी १९४३ च्या, म्हणजे ऐन जर्मन ताब्यातल्या काळातल्या कायद्याने संरक्षित वास्तूभोवती ५०० मीटरचं वर्तुळ आखलं गेलं. त्या वर्तुळात, वास्तूच्या नजरेच्या टप्प्यात, कोणालाही घर बांधायचं, छप्पर बदलायचं, अगदी खिडकीच्या झडपांचा रंग बदलायचा तरी सरकारी वारसा-वास्तुरचनाकाराची संमती लागते. आपल्याकडे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण असतं, त्याच जातीचा हा नियम, फक्त इथे बंदी कमी आणि सल्लामसलत जास्त. गावातल्या लोकांची याबद्दल कुरकुर असते आणि ती समजण्यासारखी आहे. शातोच्या मालकाला करसवलत मिळते, शेजाऱ्याला मिळतो तो फक्त महागडा लाकडी दरवाजा. म्हणून २०१६ पासून सरसकट वर्तुळाऐवजी जागेप्रमाणे, डोंगरउतार आणि रस्ते बघून हद्द आखण्याची सोय केली आहे.

मोठ्या आणि राष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेल्या सरकारी इस्टेटींसाठी २०१६ च्याच कायद्याने ‘राष्ट्रीय आवार’ ही वेगळी श्रेणी आणली. शाँबोर त्यात आहे: ५,४४० हेक्टर, भोवती बत्तीस किलोमीटरची भिंत, आणि सगळं एकत्र. सरकारची जमीन विकता येत नाही, तोडता येत नाही. शाँबोरच्या प्रशासनाचा एका बिअर कंपनीशी जाहिरातीतल्या फोटोवरून वर्षानुवर्षं खटला चालला. २०१८ मध्ये न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, कारण फोटो काढला तेव्हा नवा नियम नव्हता. आता मात्र राष्ट्रीय आवारातल्या वास्तूचं चित्र धंद्यासाठी वापरायचं तर परवानगी घ्यावी लागते आणि त्याचे पैसे आकारता येतात. इस्टेटीला उत्पन्नाचा एक नवा मार्ग, असा याचा साधा अर्थ.

पण शाँबोर अपवाद. खासगी शातोचं काय, यासाठी परत व्हिलांद्रीकडे जाऊ.

जोआखिम कार्वायो हा स्पेनमधल्या एस्त्रेमादुरा भागातला डॉक्टर. पॅरिसला शार्ल रिशे या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होता. तिथेच त्याची भेट ॲन कोलमन या अमेरिकन संशोधक तरुणीशी झाली. तिच्या माहेरची पेनसिल्व्हेनियात लोखंडाची मोठी मिळकत. १८९९ मध्ये दोघांनी लग्न केलं. १९०६ मध्ये त्यांनी व्हिलांद्री विकत घेतलं आणि विज्ञान बाजूला ठेवून दोघं त्या घराच्या मागे लागली.

कार्वायोने काय केलं ते जवळून बघण्यासारखं आहे. कास्तेलानच्या काळातल्या गॅलऱ्या आणि खिडक्या त्याने काढल्या आणि सोळाव्या शतकासारख्या दगडी चौकटींच्या खिडक्या पुन्हा घडवून घेतल्या. बुजवलेले खंदक उकरून पाण्याने भरले. मग इंग्लिश पार्क सरळ उखडलं. जमिनीखाली जुन्या भिंतींचे, पाण्याच्या नळांचे अवशेष मिळाले, त्यावरून पातळ्या ठरल्या. नकाशा मिळेना तिथे त्याने द्यू सेर्सो या सोळाव्या शतकातल्या वास्तुरचनाकाराने कोरलेली इतर शातोंच्या बागांची चित्रं आणि मठांच्या बागांचे जुने आराखडे समोर ठेवले. १९०८ ते १९१८ या दहा वर्षांत तीन पातळ्यांवरची बाग उभी राहिली. वर आरशासारखं शांत तळं, मधे कातरलेल्या बॉक्सवुडच्या आकृत्या, आणि सगळ्यात खाली भाजीची बाग: एकाच मापाचे नऊ चौकोन, प्रत्येकाची नक्षी वेगळी. त्या नक्षीत निळसर कोबी, लाल बीट, गाजराचा हिरवा झुबका, पिवळे भोपळे. वर्षातून दोनदा लागवड होते, वसंतात आणि पुन्हा उन्हाळ्यात. कोणत्या चौकोनात काय येणार हे रंग बघून ठरतं, तसंच त्या मातीत मागच्या खेपेला काय होतं हेही बघून. माळी लोक पिकांचा फेरपालट काटेकोर पाळतात. कोबीवर्गीय भाजी त्याच जागी लागोपाठ घेतली की जमीन थकते, हे नक्षीलाही ऐकावं लागतं. हिवाळ्यात लिंडनच्या हजाराहून जास्त झाडांची छाटणी चालते ती महिनोन्महिने.

यात एक अवघड गोष्ट आहे. कार्वायोने जे केलं ते आज त्याला करू दिलं नसतं. आजचं फ्रेंच वारसाशास्त्र म्हणतं की वास्तूवर चढलेला प्रत्येक काळाचा थर हा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या गॅलऱ्या आणि एकोणिसाव्या शतकाचं पार्क काढून एका आवडत्या काळाकडे परत जाणं योग्य नाही, त्यातही पुरावा अपुरा असताना. हा युक्तिवाद मला पटतो. आणि तरीही व्हिलांद्रीच्या भाजीबागेकडे बघून, ती नसती तर बरं झालं असतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. १९३४ च्या संरक्षणाने नेमका हाच पेच मिटवला: सोळाव्या शतकाबद्दलची विसाव्या शतकातली ही समजूत आता स्वतःच इतिहास झाली, तिलाही कोणी हात लावायचा नाही. दिवाणखान्याच्या छताचंही तसंच. तोलेदोमधला एक पंधराव्या शतकातला महाल मोडला जात होता, तिथलं स्पॅनिश-मूर कारागिरीचं लाकडी छत कार्वायोने ३,६०० तुकड्यांत आणून इथे जोडलं. त्या छताचं मूळ घर गेलं, छत राहिलं, आणि आता ते फ्रान्सच्या संरक्षणात आहे.

मात्र माझ्या मते कार्वायोचं मोठं काम बागेपेक्षाही दुसरं आहे. १९२० च्या सुमारास त्याने आपलं घर लोकांना खुलं केलं. खासगी मालकाने दारात तिकीटखिडकी लावावी हे तेव्हा त्याच्या बरोबरीच्या लोकांना पचण्यासारखं नव्हतं. १९२४ मध्ये त्याने ऐतिहासिक घरांच्या मालकांची पहिली संघटना काढली आणि सरकारपुढे एक सरळ प्रस्ताव ठेवला: आम्ही दार उघडतो, तुम्ही खर्चाचा वाटा उचला. शेतीच्या उत्पन्नावर छप्पर शाकारायचे दिवस संपले होते, हे त्याला फार लवकर कळलं. आजची करव्यवस्था त्याच सौद्यावर उभी आहे. संरक्षित घर वर्षातून किमान पन्नास दिवस खुलं ठेवलं, त्यातले पंचवीस एप्रिल ते सप्टेंबरमधले सुट्टीचे दिवस, किंवा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत चाळीस दिवस, तर दुरुस्तीचा मालकाने केलेला सगळा खर्च उत्पन्नातून वजा होतो. दार बंद ठेवलं तर निम्माच. आणि घर पंधरा वर्षं विकणार नाही असा शब्द द्यावा लागतो.

सगळ्यात कठीण घडी मात्र मालक मेल्यावर येते. फ्रेंच कायद्याने मुलांना मिळकतीतला हिस्सा द्यावाच लागतो, एकट्या थोरल्याला इस्टेट देण्याची पद्धत क्रांतीबरोबर गेली. त्यात मोठ्या मिळकतीवर वारसाकर ४५ टक्क्यांपर्यंत जातो. तीन मुलं, एक शातो आणि रोख रक्कम शून्य, म्हणजे विक्री ठरलेली. म्हणून १९८८ च्या कायद्याने सोय केली की वारसांनी सरकारशी करार करावा, घर आणि त्यातल्या वस्तू जागेवर ठेवाव्यात, लोकांना बघू द्याव्यात, मग करमाफी. करार मोडला की कर भरा. कित्येक कुटुंबं मिळकत एका कंपनीच्या नावावर करून मुलांना शेअर देतात, म्हणजे हिस्सा सगळ्यांना मिळतो आणि भिंत कोणी वाटून घेत नाही. व्हिलांद्री आजही कार्वायोच्या वंशजांकडेच आहे, आणि ते चालतं मुख्यतः बाग बघायला येणाऱ्यांच्या तिकिटांवर.

सरकार जबरदस्ती करू शकतं का? वर्गीकृत वास्तू मालक पडू देत असेल तर सरकार दुरुस्तीची नोटीस काढू शकतं, पण मग किमान निम्मा खर्च स्वतः उचलावा लागतो. त्यामुळे हे अस्त्र फार जपून बाहेर निघतं. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तोडफोडीने नव्हे, पाण्याने. ल्वार खोऱ्यातले शातो ज्या पांढऱ्या मऊ चुनखडीचे बांधले आहेत ती पाणी शोषते. पाटीच्या दगडाची चार कौलं सरकली, पन्हळ तुंबली, की भिंत आतून ओली राहते आणि थंडीत दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. कोणी शहाणपणा करून सिमेंट लिंपलं तर ओल आत कोंडते आणि दगडाचं पीठ होतं. तिथे चुन्याचाच गिलावा लागतो. कौलं वेळेवर बसवली तर काम हजारांत भागतं, दहा वर्षं थांबलं तर लाखांत जातं. कायद्याचा कुठलाही कागद या दहा वर्षांकडे लक्ष ठेवू शकत नाही, ते घरात राहणाऱ्या माणसालाच करावं लागतं.

आणि राहणारं माणूसच उरलं नाही तर? व्हिएन जिल्ह्यातल्या ला मोत-शाँदनिए या शातोला १९३२ मध्ये आग लागली, घर ओस पडलं, आतून झाडं वाढून छपराबाहेर आली. २०१७ च्या डिसेंबरात एका ऑनलाइन मोहिमेत १८,५०० हून अधिक लोकांनी किमान पन्नास युरो प्रत्येकी टाकून सोळा लाख युरो जमवले आणि तो शातो सामाईकपणे विकत घेतला. पुढच्याच वर्षी सरकारमान्य वारसा-लॉटरी सुरू झाली, तिचा पैसा गावाकडच्या पडक्या वास्तूंना, संरक्षित नसलेल्यांनाही जातो. १९९६ मध्ये स्थापन झालेली वारसा प्रतिष्ठान ही संस्था तर मुद्दाम अशा यादीबाहेरच्या गोष्टींसाठीच आहे: गावातलं धुणं धुण्याचं छप्पर, गिरणी, कबुतरखाना.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी जा. १९८४ पासून त्या दोन दिवसांत वारसा दिन पाळतात आणि एरवी बंद असलेली खासगी घरंही अनेकदा उघडी असतात. फाटकाजवळ चक्रव्यूहासारखी खूण असलेला छोटा फलक दिसला की ती वास्तू संरक्षित समजायची. ही नक्षी रॅंसच्या कॅथेड्रलमधल्या फरशीवरची, जी फरशी अठराव्या शतकातच उखडली गेली. आत गेल्यावर दिवाणखाना बघाच, पण मालक किंवा माळी भेटला तर छपराबद्दल विचारा. कौलं शेवटची कधी बदलली, पन्हळ कोण साफ करतं, कोठाराचं काय करता. त्या विषयावर ही माणसं भरभरून बोलतात.